बर्फावर मीठ टाकणारा माणूस

बर्फाशी उभा दावा मांडून बसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. थोरला साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. साडू हे नातंच असं आहे की त्यात रक्त नाही, निवड नाही. एका सासऱ्याने दोन मुलींची लग्नं करून दिली एवढाच काय तो आपला अपराध. हे गृहस्थ मूळचे सोलापूरचे. मे महिन्यात जिथे डांबर चपलेला चिकटतं त्या गावचा हा सिव्हिल इंजिनिअर ऐन उमेदीत इंग्लंडला आला आणि मिडलंड्समधल्या एका कौन्सिलच्या रस्ते खात्यात बावीस हिवाळे एकच काम करत राहिला: रस्ते गोठू नयेत म्हणून आज त्यांच्यावर मीठ टाकायचं की नाही, ते ठरवायचं. रोज बाराला हवामानाचा कागद यायचा. साडूसाहेब चष्मा कपाळावर चढवून तो वाचायचे आणि ठोक्याला एक वाजता निर्णय द्यायचे. त्यांनी ‘हो’ म्हटलं की पिवळ्या लॉऱ्या तांबूस मीठ उडवत निघत, आणि दुसऱ्या दिवशी लोक वेळेवर कामाला पोचत. लोकांना वाटे, गोठलंच नाही. “हेच तर,” साडूसाहेब म्हणत. “आपण काम केलं हे कुणाच्या लक्षातही आलं नाही, की समजावं काम झालं.” एवढं बोलून ते काम कसं केलं ते पाऊण तास सांगत.

बर्फात त्यांना काही सुंदर दिसत असेल अशी शंका त्यांच्यावर कुणी घेऊ नये. नाताळला आलेल्या कार्डांपैकी ज्यांच्यावर बर्फाचं चित्र असेल ती ते उलटी ठेवत. आणि इंग्लंडातल्या नाताळच्या कार्डावर बर्फ नाही तर काय असणार, त्यामुळे त्यांच्या फायरप्लेसवर डिसेंबरभर नुसत्या पाठी दिसत. “हवेला विचारू नका, रस्त्याला विचारा” हे त्यांचं ब्रीद. कुणाकडे जेवायला गेले की आत येण्याआधी यजमानांच्या दारात उकिडवे बसत, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा उपडा हात फरशीला लावत आणि उठून सांगत, “आज तुमची फरशी बर्फ धरणार.” आमच्या केंब्रिजच्या एका बारशाला त्यांनी हॉलच्या पार्किंगचं असंच निदान केलं आणि पाळणा म्हणायच्या आधी बाळाच्या तीन काकांकडून सगळं पार्किंग खारवून घेतलं. मीठ त्यांच्या गाडीत होतंच. डिकीत पंचवीस किलोची गोणी बारा महिने असे. माझ्या मेव्हणी, ज्यांना मी बायकोप्रमाणेच ताई म्हणतो, एकदा म्हणाल्या, “आमच्याकडे एखाद्या दिवशी आमटी अळणी होईल, अंगण कधी अळणी नाही.”

या ताईंचं दुःख मात्र खरं होतं. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत साडूसाहेबांना लॉऱ्यांच्या डेपोपासून तासाभराच्या अंतरापलीकडे जायची मुभा नव्हती. आणि जी होती तीही ते वापरत नसत. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात ताईंनी खिडकीतून पांढरीशुभ्र गल्ली पाहिली, हरखून बूट शोधायला धावल्या, आणि बूट चढवून बाहेर येतात तो गल्लीत तपकिरी राबडी. नवऱ्याने लॉरी पाठवली होती. तेव्हापासून त्यांची एकच इच्छा: एकदा तरी मीठ न लागलेल्या बर्फावर पाय ठेवायचा, आणि नवऱ्याबरोबर ठेवायचा. दोनदा बेत ठरले. पहिल्यांदा साडूसाहेब मोटरवेवर चहाला उतरले, तिथल्या जमिनीला हात लावला आणि गाडी माघारी फिरवली. दुसऱ्यांदा ते घराच्या फाटकापर्यंतच पोचले. “रिटायर झालो की जाऊ,” असं ते दर वर्षी सांगत, आणि एका सप्टेंबरात ते खरोखरच रिटायर झाले. मोबाइलला अजून बटणं होती त्या दिवसांतली ही गोष्ट. ताईंनी त्याच आठवड्यात स्कॉटलंडमधल्या एका डोंगरी गावात फेब्रुवारीतले पाच दिवस बुक केले, आम्हा नवराबायकोचंही केलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “तुम्ही स्कीइंगला शोभाल म्हणून नेत नाहीये. हे परत फिरायला लागले तर धरून ठेवायला नेतेय.”

जायचं पक्कं झाल्यावर साडूसाहेबांनी सहल ताब्यात घेतली. जानेवारीतल्या एका रविवारी त्यांनी आम्हाला कॉव्हेंट्रीला आपल्या घरी ‘पूर्वतयारी’साठी बोलावलं. ज्या माणसाने जन्मात पायाला स्की लावली नव्हती त्याने पाठीमागे हात बांधून दिवाणखान्यात दीड तास स्कीइंग समजावलं, आणि मला खेदाने कबूल करायला हवं, की त्यातलं बहुतेक सगळं बरोबर होतं. तशी आमच्या मंडळींत स्कीइंग करून आलेली माणसं कमी नाहीत. आल्प्सहून आल्यावर जॅकेटच्या झिपला लटकणारा डोंगरावरच्या लिफ्टचा पास जूनपर्यंत न काढणारे दोघे माझ्या रोजच्या पाहण्यातले आहेत. पण त्यांना काही विचारलं तर ते हॉटेलचं नाव सांगतात. साडूसाहेब मोजे सांगत होते. “दोन मोजे एकावर एक चढवू नका. पाय आवळला की गार पडतो. एकच घाला, लोकरीचा, गुडघ्यापर्यंत. जीन्स घरी ठेवा. ती भिजते, मग गोठते, मग माणूस कपाटासारखा चालतो. ऊन असेल तर गॉगल, नसेल तरी गॉगल. सनक्रीम हनुवटीच्या खालूनही लावा, बर्फ खालून भाजतो.” मग पडण्याचा विषय निघाला आणि त्यांचा आवाज चढला. “आपण पडणार नाही असं कुणी समजू नये. प्रश्न एवढाच, की कसं. हात मागे टेकलात तर मनगट गेलं. बाजूला पडायचं, बसल्यासारखं. साडूबुवा, या, करून दाखवा.” गालिच्यावर सतरंजी अंथरून त्यांनी मला पाच वेळा पाडलं. माझी बायको चहा पीत म्हणाली, “भाऊजी, यांना सरावाची गरज नाही. हे घरी तसेही पडलेलेच असतात.”

“आणि शेवटचं,” ते म्हणाले. “भाड्याने स्की देणाऱ्या दुकानात तुमचं वजन विचारतील. खरं सांगा. बूट स्कीतून कधी सुटावा ते वजनावरून ठरवून स्क्रू आवळतात. दहा किलो चोरलेत तर भर उतारावर स्की पायातून निघून जाईल आणि तुमच्या आधी खाली पोचेल.” ही सूचना दोघी बहिणींनी कानाआड केली. त्यामुळे त्या दुकानात, आठ तासांच्या प्रवासानंतर, व्हायचं तेच झालं. माझ्या बायकोने काउंटरवर जो आकडा सांगितला तो आमच्या लग्नाच्या वेळचा होता. ताईंनी सांगितला तो बहुधा मॅट्रिकचा. साडूसाहेब मागेच रांगेत होते. “नो, नो,” ते गरजले, आणि सगळ्या दुकानाला नीट कळावं म्हणून किलोंचे इंग्रजी मापातले स्टोन आणि पौंड करून दोघींची खरी वजनं त्यांनी जाहीर केली. रांगेतली एक स्कॉटिश आजी सहानुभूतीने चुकचुकली. त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर फक्त काटेचमचे बोलत होते.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला साडूसाहेब उशिरा आले. गाल लाल, मुद्रा प्रसन्न. “जरा पाय मोकळे करून आलो,” म्हणाले आणि तीन अंडी खाल्ली. आम्ही गेस्टहाउसमागच्या नवशिक्यांच्या उतारावर पोचलो तेव्हा तिथे आमची शिक्षिका, एक ठेंगणी, करड्या डोळ्यांची स्कॉटिश मुलगी, कमरेवर हात ठेवून जमिनीकडे बघत होती. त्या वर्षी बर्फ आधीच बेताचा. उताराच्या पायथ्याशी, जिथे शिकाऊ लोकांची रांग लागते, तिथे बॅडमिंटनच्या कोर्टाएवढी जागा तपकिरी झाली होती आणि तिच्यातून गवत वर बघत होतं.

“माझ्या उताराला कुणीतरी मीठ लावलंय,” खुनाची बातमी द्यावी तशा आवाजात ती म्हणाली.

ताईंनी नवऱ्याकडे बघितलं नाही. त्यांनी लांब उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीकडे बघितलं. साडूसाहेब एक पाऊल पुढे झाले. “मी लावलं,” ते म्हणाले. “चौरस मीटरला चाळीस ग्रॅम. जागा फार निसरडी होती.”

“ती निसरडीच असते,” मुलगी म्हणाली. “लोक त्याचेच पैसे देतात.”

तिने आणखी वाद घातला नाही. दोन फावडी आणली. एक साडूसाहेबांना दिलं. दुसरं, मी हसलो म्हणून, मला. कुंपणाच्या कडेला साचलेला बर्फ वाहून आणायचा, त्या जागेवर पसरायचा आणि दाबून बसवायचा. बावीस वर्षं रस्त्यांवरून बर्फ हुसकावणारा माणूस पहिल्यांदाच त्याला जागेवर आणून बसवत होता. सुरुवातीला ते अपमानित दिसले. मग त्यांच्यातला इंजिनिअर जागा झाला. “हा नको, हा ओला आहे. तो आणा, कोरडा. पोकळ ठेवू नका, साडूबुवा, टिकणार नाही.” दोन तासांनी काम संपलं तेव्हा शिक्षिकेने बुटाने ठोकून पाहिलं आणि हे आधीच्यापेक्षा बरं झालंय असं मान्य केलं. तेवढ्या वेळात ताई एकट्या वर जाऊन तीनदा खाली आल्या होत्या. चेहरा उजळलेला होता, पण खाली आल्या की आधी शोधायच्या तो नवरा, आणि नवरा फावड्यावर वाकलेला.

तिसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी टीव्हीने सांगितलं, मिडलंड्समध्ये बर्फ सुरू झालाय. साडूसाहेबांच्या हातातला टोस्ट हातातच राहिला. मग त्यांनी तो बशीत ठेवला, खिशातून गाडीची किल्ली काढली आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “साडूबुवा, या दोघींना तुम्ही ट्रेनने घेऊन या. मी निघतो.”

“कुठे?”

“डेपोत.”

“अहो, तुम्ही रिटायर झालात.”

“मी झालोय. बर्फ झालाय का?”

ताई चहात साखर ढवळत होत्या. त्या साखर घेत नाहीत.

मला आणलं होतं ते या क्षणासाठी. पण साठीच्या धिप्पाड माणसाला धरून ठेवायचं म्हणजे काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी आपली एक अट घातली. “डेपोतून फोन आला तर जा, मी आडवा येणार नाही. नाही आला तर पाचही दिवस इथेच.” साडूसाहेब झटकन “कबूल” म्हणाले. फोन येणार याबद्दल त्यांच्या मनात तिळभर संशय नव्हता. ताई उठल्या. “छान धरता हो,” मला म्हणाल्या, आणि बूट आवळायला गेल्या.

त्या गावात फोनला रेंज मिळे ती फक्त स्कीच्या दुकानामागच्या कठड्याशी. तिथे साडूसाहेब फोन तळहातावर घेऊन उभे राहिले, आणि त्यांच्यावर पहारा म्हणून मी. समोरच्या उतारावरून ताई खाली यायच्या, आमच्याकडे बघायच्या, परत वर जायच्या. “बाराला कागद येईल,” साडूसाहेब म्हणाले. “माझ्या जागी आता एक बाई आहे. माझ्याच हाताखाली शिकली. हुशार आहे, पण घाबरते. विचारल्याशिवाय राहायची नाही.” बारा वाजले. साडेबारा. एक वाजला तेव्हा त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली. सव्वाला त्यांनी फोन हलवून बघितला आणि मला माझ्या फोनवरून एक रिंग द्यायला सांगितली. मी दिली. खणखणीत वाजला. फोनला काहीच झालं नव्हतं.

दीड वाजता त्यांनी स्वतःच डेपोला लावला. मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. “हॅलो. नाही, सहज केला. हो? सगळ्याच्या सगळ्या लॉऱ्या? केव्हा, अकरालाच? कागद यायच्या आधी? ... नाही, नाही. बरोबर केलंस. नाही, काही काम नव्हतं. इथे हवा छान आहे.” फोन खिशात ठेवायला त्यांना बराच वेळ लागला.  

“तिने आभाळ बघूनच काढल्या,” ते म्हणाले. “मी एकपर्यंत थांबलो असतो. मग शाळा सुटायच्या गर्दीत लॉऱ्या अडकल्या असत्या.” थोडा वेळ ते कठड्यावर हात टेकून उभे राहिले. मग गाडीची किल्ली माझ्या हातात देत म्हणाले, “ही तुमच्याकडे राहू द्या. माझ्या स्की कुठे ठेवल्यात तुम्ही लोकांनी?”

ताईंनी त्यांना हात धरून वर नेलं. वर म्हणजे फार नाही, उतारावर रोवलेल्या एका लाल झेंड्यापर्यंत. तिथून साडूसाहेब ताईंच्या काठीचं टोक पकडून वीसेक पावलं घसरत आले आणि उताराच्या मधोमध बसले. पडले नाहीत, बसलेच. ताईही शेजारी बसल्या. मी तिथून चार हातांवर उताणा होतो आणि उठता येत नसल्यामुळे सगळं ऐकत होतो.

“चांगलं केलं तिने,” साडूसाहेब म्हणाले.

“कोणी?”

“त्या नव्या बाईने. मला वाटलं नव्हतं.”

ताई त्यांच्याकडे वळल्या. “आणि मी?”

“तू काय?”

“दोन दिवसांत एकटी वरून खाली यायला लागले. बघितलंत तरी का, की फोनकडेच बघत होता?”

“बघितलं ना. सकाळपासून सात वेळा आलीस. चौथ्यांदा वळताना जरा घाई केलीस.”

ताईंनी आपली काठी बाजूला बर्फात रोवून ठेवली, म्हणजे इतक्यात उठायचा विचार नव्हता. शेंबडी पोरं त्या दोघांना वळसा घालून सुरसुर खाली जात होती. या नवराबायकोला रस्त्यातून उठवायला आमची शिक्षिका तरातरा निघाली, आणि अर्ध्या वाटेत काय वाटलं कोण जाणे, मला उठवायला वळली. आभाळ उतरून आलं होतं. भुरभुर सुरू झाली, आणि साडूसाहेबांच्या टोपीवर, खांद्यांवर, मांडीवरच्या हातमोज्यांवर पांढरं साचत गेलं. त्यांनी ते झटकलं नाही.