लसूण घातलेलं डिप

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "परवाच्या पार्टीला तू डिप कर. मक्याचं, चीजवालं. आणि गरमच पाहिजे हं." मी हो म्हटलं, खाली आले आणि मग मोबाइलवर बघितलं की डिप म्हणजे काय असतं. आठवीत शाळा सुटलेल्या बाईला एवढंच येतं, आधी हो म्हणायचं आणि मग घाबरायचं.

घाबरले ते पोरीसाठी. साडेतीन वर्षांची ती, आणि मेहरूण भागातल्या त्या बिल्डिंगमध्ये आम्ही तळमजल्यावर नवीन. पोरांच्या वाढदिवसाला कोणाला बोलवायचं ते बायकांच्या पार्टीत ठरायचं आणि पार्टीत मी नव्हते. मागच्याच महिन्यात फुगे वर गेले, केक वर गेला, आणि माझी पोर जिन्यात उभी राहून बघत होती. म्हणजे हे डिप माझी परीक्षाच, आणि परीक्षेशी माझं कधी जमलेलं नाही.

पार्टीच्या दिवशी लोण्यात मैदा भाजला, दूध ओतलं, गुठळ्या झाल्या, त्या फोडल्या, मका टाकला, सिमला मिरची टाकली, चीज किसता किसता बोटं सोलली. धुळ्याहून आलेल्या सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"हाई काय शे व?"

"डिप."

त्यांनी चमचाभर चाटून बघितलं. "मकानं पिठलं शे हाई. भाकर टाकू का?"

पातेलं टॉवेलात गुंडाळलं, कच्च्या केळीचे वेफर्स घेतले, पोरीला पुढे घातलं आणि धावत वर गेले. वहिनींच्या दारात चपला काढताना मला आठवलं, मी लसूण टाकलाय. व्हिडिओवालीने दोन पाकळ्या सांगितल्या होत्या, पण आमचा हात दोनवर थांबतो का, दहा-बारा ठेचल्या होत्या. आणि वहिनींच्या घरात कांदा-लसूण शिजत नाही, हे बिल्डिंगच्या वॉचमनलाही माहीत.

पोर तोवर आत खेळण्यांकडे पळाली होती. मी गप्प बसणार होते, खरं सांगते. पण दुसऱ्याचा धर्म बाटवायची भीती वाटली आणि तोंडातून निघूनच गेलं, "वहिनी, याच्यात लसूण आहे."

वहिनींनी आधी सोफ्यावर बसलेल्या त्यांच्या सासूबाईंकडे बघितलं, मग पातेल्याकडे.

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "गॅलरीत ने."

गॅलरीत वाळत घातलेल्या साड्यांच्या आड आम्ही सात बायका, हातात कागदी वाट्या. एकीने मुद्दाम विचारलं, "वहिनी, तुम्हाला चालतं?"

"घरात नाही चालत," वहिनी म्हणाल्या. "गॅलरी घरात कुठे येते?"

वेफर्स संपले तेव्हा त्यांनी बोटाने पातेलं पुसलं. ते पातेलं त्यांच्या सिंकमध्ये मात्र धुऊ दिलं नाही. म्हणे, धर्मात बसत नाही.

निघताना मला म्हणाल्या, "पुढची पार्टी तुझ्याकडे ठेवू. आणि लसूण कमी नको करू."

आता सगळ्या पार्ट्या माझ्याकडेच असतात. पोरीला प्रत्येक वाढदिवसाचं बोलावणं येतं, सगळ्यांत आधी. वहिनीही सगळ्यांत आधी येतात, पोटभर खातात, आणि वर त्यांच्या सासूबाईंसमोर जायच्या आधी बडीशेप मागतात. एकदा नाही, दोनदा.