डाव्या चाकाचा आवाज

मालू गेल्याचं तिच्या भाच्याने फोनवर सांगितलं. मी वाटाणे सोलत होते. "मावशी, मालूआत्या पहाटे झोपेतच..." एवढंच तो म्हणाला आणि थांबला. मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेले वाटाणे सोलून टाकले. रडू आलं ते दोन-तीन दिवसांनी, तेही भाजीवाल्याशी बोलताना. आता महिना होऊन गेला. लोक तिच्याविषयी बोलतात ते डॉक्टर म्हणून. लालबाग-परळच्या चाळींतली कितीतरी मुलं तिच्या हातांत जन्मली, हे खरंच आहे. पण मला आठवते ती गाडीच्या चाकाशी रस्त्यात उकिडवी बसलेली, पदर खोचलेली, तिशीही न गाठलेली मालू.

आम्ही गिरगावात एकाच गल्लीत वाढलो. मी शाळेत चित्रकला शिकवू लागले, ती डॉक्टर होऊन लालबागच्या चाळींत बाळंतपणं करू लागली. तिचे वडील, नाना, सॉलिसिटर. पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत राहिलेलं घर. त्यांची एक काळी, गोल पाठीची जुनी गाडी होती, ती मालूने हळूहळू स्वतःची करून टाकली. तेव्हा बाईने गाडी चालवणं नवलाचंच. ती आली की गल्लीतली पोरं मागे धावायची आणि आपण सर्कशीतून आलोत असं मला शेजारी बसून वाटायचं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. सभा, मोर्चे, हरताळ, मग गोळीबाराच्या बातम्या. आमच्या घरी सगळे चळवळीचे, मालूही. नाना मात्र ठाम, मुंबई वेगळीच राहिली पाहिजे. बापलेकीचं जेवताना इतकं वाजायचं की मालूची आई आमटीचं पातेलं मुद्दाम आपटायची. त्यातच गाडीखालून कुठूनतरी आवाज येऊ लागला. घुर्रर्र... घुर्रर्र... वेग वाढला की वाढायचा, गाडी थांबली की गप्प. एका गॅरेजवाल्याने टायर बदलायला सांगितलं, दुसऱ्याने गिअरबॉक्स उघडायला. ट्रामच्या आणि घोडागाड्यांच्या गोंगाटात कुणालाच तो धड ऐकू येत नव्हता. नानांना निमित्तच मिळालं. "कुरकुरणारी गाडी आणि पेटलेलं शहर, त्यात तू एकटी लालबागला जाणार? विकून टाकतो मी ती." मालू म्हणाली, "आवाज कुठून येतो ते कळू दे नाना, मग विका." गाडी गेली तर तिचं लालबागला जाणंच संपणार होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आणि मग एका हरताळाच्या सकाळी लालबागहून एक तरुण चालत आला. सुशीला नावाच्या मालूच्या पेशंटचा दीर. घामाने निथळत होता. हरताळाने शाळा बंद, म्हणून मी मालूकडेच होते. "डॉक्टरीणबाय, वयनीक वेणा सुरू झाल्यो. गेल्या खेपेक काय झाला ता तुमका म्हायत आसा." मालूला माहीत होतं. गेल्या खेपेला सुशीलाचं मूल पोटातच गेलं होतं. ती बॅग घेऊन निघाली, तर नाना दारात उभे.

"गाडी न्यायची नाही. वाटेत चाक निखळलं तर?"

"चालत गेले तर उशीर होईल."

"मालू, मी चळवळीचं बोलत नाहीये. चाकाचं बोलतोय."

तिने बॅग माझ्या हातात दिली. "मग आधी चाक बघते," म्हणाली. "उषे, चल." दीर मागे बसला.

रस्ता रिकामा. दुकानं बंद, ट्राम बंद. एवढी शांत मुंबई मी कधी ऐकली नव्हती. "डोकं बाहेर काढ आणि ऐकत राहा," मालू म्हणाली. तिने गाडी वेगात घेतली आणि एकदम इंजिन बंद केलं. गाडी नुसती घरंगळत होती, तरी घुर्रर्र चालूच. "म्हणजे इंजिन नाही. चाकातच आहे." मग तिने गाडी उजवीकडे वळवली. माझ्या कानाखाली आवाज एकदम मोठा झाला. डावीकडे वळवली, तर जवळजवळ थांबला. "तुझ्या बाजूला!" मी ओरडले. "पुढचं डावं!"

तिने गाडी उभी केली. पुढची दोन्ही चाकं मध्यभागी हाताने चाचपली. डावं चांगलंच तापलेलं. त्या दिराने आणि मी जॅक लावला. मालूने चाक वर-खाली धरून हलवलं, तर ते हिंदकळत होतं, पडायला आलेल्या दातासारखं. मग तिने बॅगेतून लाकडी नळी काढली, पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायची. ती चाकामागच्या लोखंडाला टेकवून कान लावला आणि मला चाक फिरवायला सांगितलं. गॅलऱ्यांतून लोक बघत होते. वरून एक म्हातारी म्हणाली, "अगंबाई, गाडी पोटुशी की काय?" मालू हसली नाही. डोळे मिटून ऐकत राहिली. "बेअरिंग गेलंय. खडे दळल्यासारखं वाजतंय."

नाना मागून चालत आले होते. ती उठून त्यांना म्हणाली, "तुमचं बरोबर होतं. चाक खराब आहे. सायकलच्या वेगाने हळू नेली तर बहुधा पोचेल. मी जाते."

नाना मागचं दार उघडून आत बसले. "बघतेस काय? चल."

आम्ही बेताच्या वेगाने निघालो. मी खिडकीबाहेर डोकं काढून, दीर गाडीच्या पायरीवर उभा, मागे नाना काठी धरून ताठ. भायखळ्याच्या पुढे रस्त्यात दगड मांडलेले आणि जमाव. दीर उडी मारून पुढे धावला, "आमची डॉक्टरीणबाय आसा!" ज्यांनी मांडले त्यांच्याच हातांनी दगड बाजूला झाले. लालबाग दिसायला लागलं आणि चाकातून कटकट असा नवाच आवाज सुरू झाला. मालूने तिथेच गाडी थांबवली. "आता एक फूटही नाही." बॅग उचलली आणि पळत सुटली. मी मागोमाग.

दुपार टळून गेल्यावर मूल झालं. मुलगी. आधी रडेचना... मालू तिची पाठ चोळत राहिली, आणि मग ती अशी रडली की चाळीच्या पार त्या टोकाला लोक आनंदाने ओरडले. सुशीला नुसती मालूचा हात धरून होती.

परत आलो तर नाना गाडीशेजारी कुणीतरी आणून दिलेल्या स्टुलावर बसलेले, हातात चहा, भोवती गिरणीतले पंधरा-वीस जण आणि कडाक्याचं भांडण चाललेलं. "मुंबई तुमच्या एकट्यांची नाही," नाना म्हणत होते. "मग काय तुमच्या एकट्याची?" एक जण उसळून म्हणाला. मालूला पाहून सगळे तिच्याकडे वळले. "मुलगी. दोघी बऱ्या आहेत," ती म्हणाली. नानांनी कप खाली ठेवला, चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

गाडी पुढे दुरुस्त झाली. गॅरेजात चाक उघडलं तेव्हा बेअरिंगचा भुगा निघाला. तो नानांनी हातावर घेऊन पाहिला. विकण्याची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. राज्य झालं त्या रात्री शिवाजी पार्कच्या गर्दीत मालू आनंदाने नाचत होती, आणि घरी जाताना म्हणाली, "नानांसाठी पेढे घेऊ. खाणार नाहीत, पण घेऊ." त्यांनी खाल्ले.

म्हातारपणी आमचं एक ठरून गेलं होतं. रविवारी दुपारी मी तिच्याकडे जायचं, गॅलरीत बसायचं आणि आठवड्यात जे घडलं ते सांगायचं. काही विशेष नसायचंच. कोण भेटलं, काय महागलं, कुणाचं कुणाशी बिनसलं. ती मध्ये बोलायची नाही, फक्त "हं, मग?" म्हणायची. गेल्या रविवारीही मी गेले. भाच्याच्या बायकोने चहा दिला आणि ती आत गेली. मी मालूच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून बसले होते, सवयीने. मालू गेली तेव्हाचं सगळं मला आठवत होतं, कोण आलं, कोण रडलं, कुणी नको ते बोललं. एवढं घडलं होतं या आठवड्यांत... आणि "हं, मग?" म्हणायला कुणी नव्हतं. चहा निवत गेला. थोड्या वेळाने मी हळूच बोलायला लागले.