व्यंकटची पिठाची गिरणी

हे आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही—आणि तिच्यापासून मी सहसा काही लपवत नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही व्यंकटला ओळखत नाही, म्हणून असेल.

व्यंकट आमच्या डाळमिलमध्ये मशीनवर होता. लातूरला, एमआयडीसीत. मी तिथं हिशोब बघतो—अजूनही बघतो. तो उदगीरकडचा, मीही तिकडचाच, त्यामुळं डबा आम्ही बरोबर खायचो. वयानं मी मोठा, म्हणून तो मला अण्णा म्हणायचा. तुरीची भुकटी त्याच्या भुवयांवर बसलेली असायची, आणि जेवायला बसताना तो ती गमछ्यानं पुसायचा तेव्हा एकदम दहा वर्षांनी लहान दिसायचा.

त्याच्या बायकोचं, सुमनचं, पोटाचं ऑपरेशन निघालं तेव्हा मी त्याला पैसे दिले. व्याज नाही, कागद नाही. दर पगाराला थोडे थोडे फेडायचे, असं ठरलं. तो फेडतही होता, एकही महिना चुकला नाही. इथपर्यंत मी बरा माणूस होतो. इथंच थांबावं असं वाटतंय—पण मग सुरुवात तरी कशाला केली?

दसऱ्याच्या आधी शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. नवं ऑटोमॅटिक मशीन येणार होतं. दिवाळीनंतर माणसं कमी करायची होती. "आत्ताच कुठं बोलू नका," म्हणाले. कोण कोण जाणार तेही सांगितलं. व्यंकटचं नाव आलं तेव्हा—खरं सांगू?—माझ्या मनात सुमन आली नाही, त्याची शाळेत जाणारी पोरगी आली नाही. माझे पैसे आले. निम्मे अजून यायचे होते. पगार थांबला तर हा कुठून देणार?

शेठनी गप्प राहायला सांगितलं होतं, खरंय. पण व्यंकटच्या घरी जा, असं काही त्यांनी सांगितलं नव्हतं. तिथं मी आपल्या पायानं गेलो.

रविवारची सकाळ होती. सुमननं चहा ठेवला. व्यंकट लई खुशीत होता, मला दाराशेजारची जागा दाखवत होता. तिथं पिठाची गिरणी टाकायची होती. त्यासाठी पतसंस्थेत ठेव केली होती, मीटरची चौकशी करून झाली होती, गिरणी सुमन चालवणार होती. "दिवाळी झाली की बसवतो, अण्णा. मिलचं काय खरं असतंय? घरचं कायतरी असावं."

हे तो मला सांगत होता. मला!

मी चहा संपवला. मग म्हणालो, माझ्या पोरीच्या क्लासची फी भरायचीय, अडचणीत आहे, राहिलेले एकदम देशील का? आणि वर—हे सांगताना अजून लाज वाटते—वर म्हणालो, शेवटचे दोन-तीन हप्ते मी सोडून देतो. तेवढे कमी दे, पण आत्ता दे.

फी कधीचीच भरून झाली होती.

त्यानं सुमनकडं बघितलं. बोलली तीच. "देऊन टाका की. गिरणी काय, पुढच्या साली बी हुईल. आपल्या वक्ताला अण्णा उभे राहिले."

व्यंकटचे डोळे भरून आले. मी हप्ते सोडले म्हणून! "एवढं कोण करतंय, अण्णा?"

तेव्हा सांगता आलं असतं. गिरणी आधी बसव, एवढंच म्हणायचं होतं. कारणही सांगायची गरज नव्हती. नाही बोललो. दोन-तीन दिवसांत त्यानं ठेव मोडून पैसे आणून दिले, आणि वर जेवायच्या सुट्टीत मला पेढा दिला—देणं फिटलं म्हणून.

दिवाळीनंतर त्याला काढलं. राहिलेला पगार घ्यायला तो माझ्याच टेबलाशी आला. बाकीचे शेठला शिव्या देत होते. हा शांत होता. म्हणाला, "बरं झालं अण्णा, तुमचं आधीच फिटलं. न्हाई तर आता कोणत्या तोंडानं तुमच्यापुढं आलो असतो?"

मी काय म्हणालो माहितीय? "होय, बरं झालं," म्हणालो.

लातुरात त्याला धड काम मिळालं नाही. काही दिवस आडतीवर पोती उचलली, मग कंबर धरली. आता हैदराबादला एका इमारतीवर वॉचमन आहे, सणाला येतो. सुमन क्लासच्या पोरांच्या मेसमध्ये चपात्या लाटते, सकाळ-संध्याकाळ, ऑपरेशन झालेल्या पोटानं. आणि माझे पैसे? बरेच दिवस बँकेत नुसते पडून होते. मग आम्ही स्वयंपाकघराच्या फरश्या बदलल्या. जुन्या तशा चांगल्या होत्या.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या पोरीचं लग्न झालं, उदगीरला. तिला पुढं शिकायचं होतं, जमलं नाही. न जायला मी कारण शोधत होतो. पण व्यंकटचा फोन आला—तुम्ही आल्याबिगर अक्षता टाकणार न्हाई. गेलो. त्यानं मला पुढच्या खुर्चीवर बसवलं. आहेराच्या वेळी माईकवर माझं नाव पुकारलं. मला उभं करून त्यानं स्वतःच्या हातानं टॉवेल-टोपी दिली आणि सगळ्या पाहुण्यांना सांगितलं, "सुमन आज जित्ती हाय ती या माणसामुळं. वर हप्ते बी सोडले यांनी." मग तो वाकला, माझ्या पायाला हात लावला. सुमनही वाकली.

मी त्यांना अडवलं नाही. दोघांच्या पाठीवर हात ठेवला, टोपी नीट केली आणि फोटोवाल्याकडं बघितलं.