पट्टी लक्षात ठेवणारा माणूस

देवाप्पांना चेहरे लक्षात राहत नाहीत. हा त्यांचा जुना दोष, आणि त्यापायी भागुबाईंना चारचौघांत किती वेळा ओशाळं व्हावं लागलंय याची गणती नाही. मागच्या वर्षी बेंगळुरूच्या इंदिरानगरात एका हॉटेलच्या दारात एक बाई धावत आल्या, "अय्या, देवाप्पाकाका!" म्हणत वाकून नमस्कार केला, आणि देवाप्पा आपले हात जोडून, कसनुसं हसत उभे. बाई लंडनच्या. त्यांच्या घरी हा गृहस्थ तीन दिवस राहिला होता, त्यांच्या हातची भाकरी खाऊन आला होता. बाईंचा चेहरा पडायला लागला तेव्हा देवाप्पांनी सरळ विचारलं, "ताई, जरा सा लावता?" बाईंनी रिक्षांच्या गोंगाटात, डोळे मिटून सा लावला. "हां, पांढरी पाच!" देवाप्पा ओरडले. "दोन मुली, एक बोका, आणि जिन्यात सायकल!" बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि भागुबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

पट्टी म्हणजे पेटीवरची ती जागा, जिथून ज्याचा त्याचा गळा सुखाने उठतो. कुणाची काळी एक, कुणाची पांढरी पाच. तुम्हीआम्ही माणसं नावाने ओळखतो, देवाप्पा पट्टीने ओळखतात. एकदा कुणासोबत वाजवलं की तो माणूस त्यांच्या डोक्यात कायमचा बसला.

ते मूळचे निपाणीकडचे. गावच्या भजनात पेटी वाजवता वाजवता वीस वर्षांचे झाले आणि मामाच्या ओळखीने बेंगळुरूत पंपांच्या कारखान्यात लागले. पुढची चौतीस वर्षं दिवसा पंप आणि संध्याकाळी पेटी. बनशंकरीच्या त्यांच्या गल्लीत आजही त्यांना वादक म्हणून कुणी ओळखत नाही, कुणाचा मोटार-पंप बिघडला की मात्र हमखास आठवण होते. साथीला बसायचे ते विश्वासरावांच्या. विश्वासराव इथल्याच एका जुन्या मराठी कापडवाल्यांच्या घरातले, आवाज खणखणीत, अभंग आणि नाट्यपदं गाणारे. त्यांचा चार जणांचा संच गेली पंधरा वर्षं दर मे-जूनमध्ये परदेशी निघायचा. तिकडची मराठी मंडळं कार्यक्रम ठेवायची, आणि हॉटेल परवडत नसल्यामुळे कलाकारांना आपापल्या घरी वाटून घ्यायची.

खरी मजा तिथे होती. रात्रीच्या कार्यक्रमात विश्वासरावांना टाळ्या पडायच्या. सकाळी विश्वासराव गळ्याला मफलर गुंडाळून झोपलेले असायचे, आणि देवाप्पा स्वयंपाकघरात चहा पीत बसलेले. मग घरची बाई पोहे परतता परतता हळूच म्हणायची, "काका, लहानपणी मीपण थोडं शिकले होते हो." देवाप्पा कप बाजूला ठेवून पेटी ओढायचे. बाई लाजत लाजत एक ओळ गायची, मग दुसरी, मग पोहे करपायचे. विश्वासरावांचे चाहते ऐकणारे होते. देवाप्पांचे चाहते गाणारे होते, आणि त्यातल्या बहुतेकांना दुसऱ्या कुणी कधी साथ केलेली नव्हती.

असे त्रेचाळीस जण जमले. मस्कतच्या एक नर्सबाई, न्यूजर्सीचे एक दंतवैद्य, स्टॉकहोमचे एक निवृत्त इंजिनिअर, ज्यांची पट्टी दर ओळीला बदलते आणि ज्यांना देवाप्पा प्रेमाने 'सगळीकडचे' म्हणतात. ज्याचा वाढदिवस असेल त्याला देवाप्पा निरोप पाठवतात. लोणच्याच्या बरणीला फोन टेकवायचा, त्या माणसाच्या पट्टीत त्याच्या आवडीच्या भजनाची साथ वाजवायची, आणि गाण्याची जागा मोकळी सोडायची. तो तिकडे आपला आवाज घालून परत पाठवतो. देवाप्पा ते पार्कात फेऱ्या मारताना ऐकतात आणि बाकावरच्या म्हाताऱ्यांना आग्रहाने ऐकवतात.

त्यांची मुलगी दिव्यश्री सर्जापूर रोडला राहते, कॉम्प्युटरमध्ये आहे. तिने एकदा सांगून पाहिलं, "अप्पा, एक ब्रॉडकास्ट लिस्ट करून देते. एकदाच रेकॉर्ड करायचं, एका क्लिकमध्ये सगळ्यांना."

"त्रेचाळीस जणांचा गळा एक हाय व्हय गं?" देवाप्पा म्हणाले, आणि विषय संपला.

या जानेवारीत देवाप्पांच्या छातीत कळ आली. ऑपरेशन झालं, जिवावरचं निभावलं. पण डॉक्टरांनी लांबच्या प्रवासाला साफ नकार दिला. विश्वासराव स्वतः घरी आले, म्हैसूरपाकाचा डबा मांडीवर घेऊन अर्धा तास हवापाण्याच्या गप्पा मारत बसले, आणि निघताना दारात म्हणाले, "देवाप्पाअण्णा, यंदा तुम्ही स्वल्प आराम करा. पेटीला धारवाडचे एकजण येतायत. पुढच्या वर्षी बघू, सरी?"

"सरी, बरं," देवाप्पा म्हणाले. पुढचं वर्ष यायचं नाही हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

आता हे त्रेचाळीस जणांना सांगायचं होतं. इथेही देवाप्पांनी आपली रीत सोडली नाही. दिवसाला तीनचार, प्रत्येकाला वेगळा निरोप, आधी त्याच्या पट्टीत चार सूर आणि मग, "यंदा डॉक्टर सोडंनात बघा." बेचाळीस झाले. राहिल्या चंपाताई.

चंपाताई कॅलगरीच्या, वय चौऱ्याहत्तर, घरात एकट्या. पट्टी काळी चार. पंधरा वर्षांत संचाचा मुक्काम त्यांच्याकडे पडला नाही असं एकदाही झालं नाही. बाईंचा गळा असा की देवाप्पांनी एकदा विश्वासरावांच्या तोंडावर म्हटलं होतं, "ह्या गायल्या असत्या तर तुम्ही टाळ धरला असता." त्यांना 'मी येणार नाही' हे सांगायचं म्हणजे स्वतःलाच ते कबूल करायचं. म्हणून देवाप्पांनी त्यांचा नंबर शेवटी ठेवला, आणि शेवटी ठेवता ठेवता एप्रिलची बारा तारीख आली. चंपाताईंचा वाढदिवस. देवाप्पांनी नेहमीसारखी काळी चार लावली, यमनातलं त्यांचं आवडतं भजन वाजवलं, शुभेच्छा दिल्या, आणि न येण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

दरवर्षी दुसऱ्या दिवशी गाणं परत यायचं. यंदा आलं नाही. दोन निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे ऐकलं होतं. दोन दिवस गेले, आठवडा गेला.

तेव्हा कुठे देवाप्पांच्या डोक्यात प्रकाश पडला. बेचाळीस मराठी माणसांना सांगितलेली गोष्ट त्रेचाळिसाव्याला कळल्याशिवाय राहते होय? चंपाताईंना दुसऱ्याच कुणाकडून कळलं असणार. सगळ्या जगाला सांगितलं, आणि मला मात्र वाढदिवसाचं गाणं पाठवून गप्प बसला, असं त्यांना वाटलं असणार. देवाप्पांचं जेवणावरचं लक्ष उडालं. दौरा गेला तो गेला, त्याचं दुःख त्यांनी कसंबसं गिळलं होतं. पण माणूस तुटलं तर काय करायचं? आणि तेही आपल्याच भित्रेपणामुळे.

"अहो, फोन लावा की," भागुबाई रोज म्हणायच्या. "ताई काय खातायत व्हय तुम्हाला?"

"उद्या लावतो," देवाप्पा म्हणायचे. असे नऊ उद्या गेले.

शेवटी रविवारी संध्याकाळी दिव्यश्री आली. दीड तास ट्रॅफिकमध्ये काढून आल्यामुळे ती आधीच तापलेली होती. आईकडून सगळं ऐकलं, फोन उचलला, नंबर लावला आणि अप्पांच्या हातात दिला. "बोला. तिकडे सकाळ झालीय, उठल्या असतील."

देवाप्पांनी वाक्य पाठ करून ठेवलं होतं. "ताई, माझं चुकलं," अशी त्याची सुरुवात होती. पण पलीकडून "हॅलो, कोण?" ऐकू आलं आणि देवाप्पा ते वाक्य साफ विसरले. आवाज चंपाताईंचा होता आणि नव्हता. घोगरा, जड, खूप खाली गेलेला.

"ताई," ते म्हणाले, "गळ्याला काय झालं?"

 मग चंपाताई म्हणाल्या, "एका हॅलोत कळलं ना? म्हणूनच तुमचा फोन येऊ नये असं वाटत होतं." डिसेंबरात त्यांच्या घशातली गाठ काढली होती. गाठ साधी निघाली, पण आवाज मात्र पहिल्यासारखा राहिला नाही.

"मला सांगितलं का न्हाई?"

"आणि तुम्ही? छातीचं ऑपरेशन झालं, यायचं रद्द झालं, हे मला स्टॉकहोमहून कळावं?"

"ताई, माझं चुकलं." पाठ केलेलं वाक्य देवाप्पांना आता आठवलं.

"तुमची काळी चार आली," चंपाताई म्हणाल्या. "तीनदा लावली. पहिल्याच ओळीत गळा फाटतो हो. लाज वाटली, पाठवू काय? खोटं कशाला बोलू देवाप्पा, तुम्ही येणार नाही असं कळलं तेव्हा मला आधी बरं वाटलं. म्हटलं, सुटले. आता देवाप्पांना कधी कळायचं नाही. आणि मग आपल्याला असं बरं वाटलं म्हणून दिवसभर रडत बसले."

 ही बाई आपल्यावर रागावलेली नव्हती. ती आपल्यासारखीच घाबरून घरात बसली होती.

"भागू, पेटी," ते म्हणाले.

"डॉक्टरांनी भाता हाणायला..."

"एका हाताचं काम हाय. आण."

पेटी आली. दिव्यश्रीने फोन बरणीला टेकवून दिला. "ताई, काळी चारचं नाव काढायचं न्हाई आता," देवाप्पा म्हणाले. "ती गेली. गळा हाय तिथंच हाय, फक्त खाली उतरलाय. नुसता आ करा. जोर लावू नका. जिथं बसायला बरं वाटंल तिथं बसा."

चंपाताईंनी आ केला. आवाज थरथरला, खरखरला. देवाप्पांनी पांढरी चार दाबली, मान हलवली. पांढरी तीन दाबली. "आणि खाली या. आणि. घाई न्हाई."  मग एका जागी आवाजातली खरखर बसली. सूर बारीक होता, पण सरळ उभा राहिला. देवाप्पांनी तिथे बोट ठेवलं. काळी दोन.

आणि त्यांचं बोट तसंच थांबलं.

"काय झालं?" चंपाताईंनी विचारलं. "देवाप्पा, फारच खाली गेलं का?"

"ताई," देवाप्पा म्हणाले, "ही श्रीरंगरावांची पट्टी हाय."

श्रीरंगराव म्हणजे चंपाताईंचे यजमान, सहा वर्षांपूर्वी गेलेले. देवाप्पांना त्यांचा चेहरा आज विचाराल तर सांगता येणार नाही. पण जेवण झालं की ते ताटावरच बसून एक भजन म्हणायचे, आयुष्यात तेवढं एकच त्यांना यायचं, आणि ते काळी दोनमध्ये. चंपाताईंना तेच भजन म्हणायचं तर काळी चार. म्हणून देवाप्पा त्या घरात एकच भजन दोनदा वाजवायचे, आधी त्यांना, मग यांना.

 मग चंपाताई हसल्या, आणि हसता हसता त्यांचा आवाज ओला झाला. "चाळीस वर्षं आमचं भांडण होतं, ठाऊक आहे? मी म्हणायची, तुम्ही थोडे वर या, म्हणजे एकदा तरी बरोबर म्हणू. ते म्हणायचे, तूच खाली ये. शेवटपर्यंत कुणी हललं नाही."

"म्हणता काय आता?" देवाप्पांनी विचारलं. "त्यांचं भजन?"

"तुम्ही वाजवाल?"

वाजवायला ते केव्हाचे तयार होते. पण फोनवरून सूर तिकडे पोचायला क्षणभर उशीर होतो, आणि तेवढ्यात गाणारा पुढे निघून जातो. दोन शब्दांतच सगळं विस्कटलं. "तुम्ही म्हणा, ताई," देवाप्पा म्हणाले आणि त्यांनी भाता सोडला. "मी ऐकतो."

चंपाताईंनी भजन म्हटलं. वरच्या जागा त्यांनी टाळल्या, दोन ठिकाणी दम पुरला नाही, एक ओळ नुसतीच बोलल्यासारखी निघाली. उभ्या आयुष्यात समोर कुणी गात असताना देवाप्पा हात मांडीवर ठेवून बसले नव्हते. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. भागुबाईंनी पदर डोळ्यांना लावला. दिव्यश्री खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

भजन संपलं.  मग लहान मुलीसारखं चंपाताईंनी विचारलं, "देवाप्पा, यांच्याबरोबर जुळलं असतं का हो आता?"

 देवाप्पांनी भाता ओढला, काळी दोन दाबली, आणि सूर तिकडे पोचेपर्यंत दाबून धरली.