बोलणारा डबा

आज गाझियाबादच्या घरी कपाट आवरताना पुस्तकाएवढा एक डबा हाताला लागला. केबलचे स्क्रू चाचपले आणि ओळख पटली. माझा जुना स्पीच सिंथेसायझर.

मला दिसत नाही. कॉलेजची इंग्रजी पुस्तकं तेव्हा आईच वाचून दाखवायची, अडखळत, कठीण शब्दाचं एकेक अक्षर सांगत. एका संध्याकाळी बाबांनी ऑफिसातून येऊन हा डबा लॅपटॉपला जोडला. गरम प्लास्टिकचा वास आला आणि एक घोगरा, सपाट आवाज स्क्रीनवरचा माझा धडा भराभर वाचू लागला. मला रडूच आलं.

"अच्छा, म्हणजे आता माझी सुट्टी," आई म्हणाली. आवाज हसरा होता, पण माझ्या पाठीवरून फिरणारा तिचा हात थांबला होता.

"सुट्टी कसली? याला मराठी कुठे येतं? गोष्टी तूच वाचायच्या."

आई लगेच चष्मा शोधायला उठली. मी तेव्हा सहज बोलून गेले होते. ते तिला किती हवं होतं, हे फार उशिरा कळलं.

आता माझा फोन मराठीही छान वाचतो. आईला ते माहीत आहे. तरी रोज दुपारी ती पुस्तक घेऊन माझ्याजवळ बसते, आणि मी फोन बंद करून ठेवते.