खुर्चीच्या पायाशी उभा मुलगा

अंगात येणं, बाहेरचं लागणं असल्या गप्पा निघाल्या की मी आजवर सरळ विषय बदलायचे. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण घडलं ते असं.

श्रीरामपूरला मी आणि माझा नवरा सतीश लग्नाच्या डेकोरेशनची कामं करतो. पेंटिंग बहुतेक माझं, सुतारकाम आणि लायटिंग त्याचं. गेल्या उन्हाळ्यात गावाबाहेरच्या एका मंगल कार्यालयाची ऑर्डर आली. नवरीला स्टेजमागे इजिप्तची थीम हवी होती — मोबाईलवर कुठंतरी पाहिलेली. मी जुनी चित्रं बघायला बसले. त्या लोकांचे नियम फार पक्के. चेहरा एका बाजूनं, पण त्यातला डोळा समोरून दिसतो तसा पूर्ण. खांदे समोर, पाय पुन्हा एका बाजूला. पुरुष गेरूच्या रंगाचे, बायका पिवळट. मानाची माणसं मोठी, बाकीची लहान. प्लायवर चौकटी आखून मी खुर्चीवर बसलेलं एक जोडपं काढलं आणि त्यांच्यासमोर फळं-फुलं आणणाऱ्यांची रांग.

हळदीच्या दिवशी सकाळी कार्यालयात पॅनेल उभं केलं तेव्हा लक्षात आलं — खुर्चीच्या पायाशी एक लहान मुलगा होता. उघडा, तोंडात बोट, डोकं गुळगुळीत आणि उजव्या कानावर केसांची एकच लांब बट. इजिप्तवाले लहान मूल असंच काढायचे. सतीशचाही हात बरा आहे, मोकळी जागा बघून त्यानं भरला असेल असं वाटलं.

दुपारी नवरीची आई स्टेजपाशी आली आणि हळदीचं ताट हातात तसंच धरून उभी राहिली.

"ही बट ठेवायचं तुमाला कोनी सांगितलं?"

"कोणी नाही, काकू. त्या लोकांची पद्धतच आहे ती."

"नवसाची बट हाय ती. माझ्या बाळूची... हिच्या आदीचा पोरगा माझा. बट देवाला द्यायच्या आदीच पाटाच्या पान्यात बुडाला."

तेवढ्यात नवरीचे वडील आले. चित्राकडे त्यांनी नीट पाहिलंसुद्धा नाही. "ताई, पुसून टाका ते. शुभकार्य हाय. पोरीला त्यातलं कायबी म्हाईत न्हाई."

मी रंगाचा डबा उघडला. काकूंनी माझं मनगट धरलं. "थांब बाई... एकदा हाक मारू दे. इतकी वर्सं ह्या मानसानं त्याचं नाव काढू दिलं न्हाई."

मग त्या म्हणाल्या, "बाळू..." अगदी हळू — अंगणात खेळणाऱ्या पोराला जेवायला बोलवावं तसं.

मी ब्रश बुडवायला खाली बघितलं. मान वर केली तर त्या मुलाचा चेहरा समोर होता. दोन्ही डोळे, दोन्ही कान. तोंडातलं बोट निघालेलं. अख्ख्या पॅनेलवर मी एकही चेहरा समोरून काढला नव्हता! बोट लावून पाहिलं — रंग खडखडीत वाळलेला.

वडिलांनी माझ्या हातातला ब्रश काढून घेतला. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या."

मी धावत सतीशला गाठलं. "तो छोटा मुलगा तू कधी काढलास?"

"मी? मला वाटलं तूच काढलास."

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. नवरीला भाऊ नाही म्हणून कानपिळीला चुलतभाऊ होमापाशी आला. तो वाकायच्या आतच नवरदेव ओरडला, "अहो, हळू!" चुलतभावाचे दोन्ही हात अजून फेटा सावरत होते. नवरदेवाचा कान लालबुंद. सगळे हसले. तो मात्र हसेना. "लहान पोराचा हात होता," म्हणाला.

कानपिळीचा पोशाख चुलतभाऊ घेईना. शेवटी वडिलांनीच तो उचलला आणि नेऊन पॅनेलखाली ठेवला.

"पप्पा, तिथं का?" नवरीनं विचारलं.

"तुझ्या भावाचा मान हाय," ते म्हणाले. आणि सगळ्या पाहुण्यांदेखत त्यांनी त्याचं नाव घेतलं.

पॅनेल ते लोक घरी घेऊन गेले. तो मुलगा कोणी काढला, वळला कसा... खूप डोकं चालवलं, काही हाती लागलं नाही. ती थीम मी पुन्हा घेतलेली नाही. भीती अशी नाही वाटत. पण चेहरा काढायला बसले की हात थबकतो — हा आता कोणाचा निघेल, सांगता येत नाही.