बिनआवाजाचं जेवण

आमच्या घरात रात्री जेवताना बोलायचं, पण आवाज काढायचा नाही, असा नियम होता. नियम वडिलांचा. ओठ हलवावेत, हातवारे हवे तेवढे करावेत, पण घशातून हूं की चूं निघता कामा नये. अचानक कुणी पाहुणा आला की त्याला वाटे, या घरात काहीतरी भांडण झालंय आणि आपण नेमके मध्येच कडमडलो. मग तो पाट सरकवून घेई आणि मुकाट्याने आमटी भुरकत बसे. त्या भुरकण्याचाच काय तो आवाज.

या सगळ्याचं कारण होतं आईचे कान. तिची आई, म्हणजे माझी आजी, बदलापूरला राहायची. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिला हळूहळू कमी ऐकू येऊ लागलं आणि चाळिशी ओलांडता ओलांडता ती ठार बहिरी झाली. आम्ही गेलो की ती प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायची, काही न कळताच हसायची आणि परत चुलीपुढे जाऊन बसायची. घरातली माणसं वाईट नव्हती, पण सारखं ओरडून बोलायचा कंटाळा येतोच. त्यामुळे तिच्याशी कामापुरतं बोलत. धाकट्या भावाच्या जन्मानंतर आईच्या डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली, तेव्हा तिला पहिल्यांदा आठवली ती आजीची चुलीपुढची जागा. ‘माझंही तसंच होणार,’ असं ती एकदा भांडी घासताना म्हणाली आणि रडली. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन.

वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. त्यांच्या खात्यात पत्रा ठोकायची यंत्रं होती. शेजारच्याच्या कानाशी जाऊन ओरडलं तरी ऐकू जाणार नाही, असा तिथे खणखणाट. म्हणून तिथली माणसं आवाज काढायच्या भानगडीतच पडत नसत. यंत्रापलीकडच्या माणसाशी नुसत्या ओठांनी बोलत, आणि तेही कामाचंच नव्हे. कुणाच्या मुलीला स्थळ आलं, कुणाच्या गावी भात किती झाला, सगळं चाले. हे घरी का चालू नये, असं वडिलांनी ठरवलं. कान गेल्यावर शिकायला बसलीस तर जड जाईल, ऐकू येतंय तोवर रोज जेवणापुरतं शिकून ठेव, असं त्यांनी आईला समजावलं. आई भडकली. ‘मी अजून बहिरी झालेली नाही,’ म्हणाली, आणि चार दिवस ताटं आपटून वाढली.

मग तिने एक सबब काढली. तुमच्या मिशीमुळे वरचा ओठ दिसतच नाही, मी काय कपाळ वाचू? वडिलांची मिशी भरघोस होती आणि तिच्यावर त्यांचा जीव होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मिशी उतरवूनच अंघोळीला आले.

आता ज्याने मिशी काढली त्याचे वडील गेले, एवढं आमच्याकडे लहान पोरालाही समजे. दुपारपर्यंत कारखान्याच्या क्वार्टर्समधल्या शेजारच्या बायका पदर डोळ्याला लावून आमच्या दारात. एकीने तर आज तुमच्याकडे चूल पेटायची नाही म्हणून पिठलं-भाकरी करून आणली. आई सांगतेय की सासरे ठणठणीत आहेत, तर त्यांना वाटे, बिचारीच्या डोक्यावर परिणाम झाला. पुढच्या आठवड्यात ही बातमी गावी आजोबांपर्यंत पोचली. ते जातीने अंबरनाथला आले आणि काठी टेकत टेकत साऱ्या क्वार्टर्समधून एक फेरी मारून गेले. पिठलं मात्र छान होतं.

मिशी गेल्यावर आईला सबब उरली नाही. आम्ही शिकायला लागलो, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त मीच रमले. मी मुळातच भोचक. लोक बोलताना तोंडाचं काय काय करतात, हे बघताना मला इतर कशाचं भान राहत नसे. प, ब आणि म ओठांवर अगदी सारखे दिसतात, हा शोध मी लावला. घाईत बोलणारी माणसं निम्मी अक्षरं ओठांवर आणतच नाहीत, आणि खोटं बोलणारा जरा जास्तच स्पष्ट बोलतो, हेही माझ्या लक्षात आलं. नळावरच्या बायका रस्त्यापलीकडे काय कुजबुजतात ते मी खिडकीत बसून आईला सांगत असे. असं करू नये, असं ती म्हणे, आणि पुढे काय म्हणाल्या, असंही विचारी.

कापड घ्यायला आम्ही कॅम्पात जायचो. उल्हासनगर हे नाव तेव्हा नवं होतं, सगळे कॅम्पच म्हणत. तिथल्या सिंधी दुकानदाराच्या तोंडाकडे आई टक लावून बघत राहिली, पण त्याची हिंदी तिला ओठांवर ओ की ठो कळेना. शेवटी तो बिचारा गाल पुसत म्हणाला, ‘बाई, मेरे मुँह पे कुछ लगा है क्या?’ आईने लाजत लाजत कारण सांगितलं. तेव्हापासून ती गेली की तो सावकाश, एकेक शब्द दाखवत बोले, आणि तिला बरोबर कळलं की स्वतःच खूश होई. भाव मात्र कमी करत नसे.

आईची वडिलांबाबत एकच तक्रार होती. तुमच्याही कानांना त्या यंत्रांचा त्रास होत असेल, कापसाचे बोळे घालत जा, असं ती म्हणायची. रोज सकाळी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कापूस ठेवायची, आणि संध्याकाळी तो खिशातच सापडायचा. कापूस घातला की यंत्राचा सूर बिघडलेला कळत नाही, असं त्यांचं उत्तर. यंत्र बिघडायच्या आधी त्याचा आवाज बदलतो आणि तो आपल्याला सगळ्यांच्या आधी कळतो, याचा त्यांना अभिमान होता.

वर्षं गेली. मी मॅट्रिकच्या जवळ आले. आई जेवताना आता सरसर वाचायची, पण तिचे कान काही जाईनात. मला याचं कुतूहल वाटायला लागलं. तिला नक्की किती ऐकू येतं? एका रविवारी आई-वडील दोघंही माझ्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसले होते. मी मागे उभी राहून हातातला चमचा फरशीवर टाकला. आईने चटकन वळून पाहिलं. वडील खडे वेचत राहिले. मी तांब्या टाकला. आई ओरडली, ‘अगं काय चाललंय तुझं?’ वडील तिच्या ओरडण्यानेही वळले नाहीत. तिने मान वळवलेली दिसली, तेव्हा कुठे त्यांनी मागे पाहिलं आणि माझ्याकडे बघून हसले. ते हसणं मला ओळखीचं होतं. आजी तसंच हसायची.

आईने मला मागच्या अंगणात नेलं. तिला दोन वर्षांपासून ठाऊक होतं. पाठीमागून हाक मारली की ते ओ देत नसत. समोरून बोललेलं मात्र सगळं समजे, कारण ते तोंडाकडे बघत. आपण ऐकत नाही, बघतोय, हे त्यांना स्वतःलाच उमगलं नव्हतं.

‘मग सांगत का नाहीस?’ मी विचारलं.

‘सांगून कान परत येणार आहेत का?’ आई म्हणाली. ‘त्यांना कळेल तेव्हा सवय पुरी झालेली असू दे. तोवर माझेच कान गेलेत असं समज.’

त्या दिवशी मला समजलं की जेवणाचा नियम आता आईच का चालवते. वडील दमून एखाद दिवशी आवाज काढून बोलले, तर ती कानाला हात लावून मान हलवी, ऐकू येत नाही म्हणून. वडील लगेच ओठांवर येत आणि तिच्यासाठी तेच वाक्य पुन्हा सावकाश म्हणत. तिची त्यांना फार काळजी वाटे. मला ते बघवत नसे, आणि नजरही हटवत नसे. त्यांना खरंच काही कळलं नव्हतं, की त्यांनीही मनात ठेवलं होतं, याचा मी अजूनही विचार करते.

एक दिवस खात्यातल्या यंत्राचा सूर बिघडला. पलीकडच्या माणसाने ऐकून ते बंद केलं. वडील त्याच यंत्राशेजारी उभे होते. कुणाला काही झालं नाही. संध्याकाळी ते घरी आले, हातपाय धुतले, पानावर बसले आणि आईकडे बघून ओठांनी विचारलं, ‘तुला कधीपासून माहीत आहे?’

आईने खाली मान घातली. मग वडील आवाज काढून बोलले, वाजवीपेक्षा मोठ्याने.

‘उद्यापासून जेवताना आवाजाने बोलत जा. सगळे. उरलंय तोवर ऐकून घेतो.’

रात्रीच्या पानावर आवाज काढायची सवय आमच्यातल्या कुणालाच राहिली नव्हती. शेवटी आई त्यांच्या अगदी जवळ सरकली आणि मोठ्याने म्हणाली, ‘भात वाढू का?’

वडिलांनी तिच्या तोंडाकडे न बघता डोळे मिटून घेतले.

‘पुन्हा म्हण,’ ते म्हणाले.